दोनशे एकाहत्तर अंश

बंगळूरला मी सहा वर्षं धातू दाबत होते. गावाकडून कुणी आलं आणि विचारलं, नक्की काय शिकतेस, तर मी हेच सांगायचे. धातूचा वाटाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्याच्यावर हवेच्या दाबाच्या काही हजारपट दाब द्यायचा, आणि तसा दाबून धरलेला असतानाच त्याला तापवायचा. वडिलांना हे पटायचं नाही. "आणि मग?" असं ते विचारायचे. मग तो किती तापला ते मोजायचं, याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नसायचं.

उत्तर होतं, पण ते गावातल्या ओसरीवर बसून सांगण्यासारखं नव्हतं. धातू दाबला की त्यातले अणू जवळजवळ सरकतात. जवळ आले की हलायला जागा कमी. म्हणून दाबाखालचा धातू तापवला तर उघड्यावर जितका फुगतो तितका फुगत नाही. त्याला तेवढंच तापवायला उष्णता किंचित कमी लागते. आणि बहुतेक धातू दाबाखाली लवकर वितळत नाहीत, जास्त तापमान मागतात. हे सगळं पुस्तकांत होतं. पण अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं घातलेला जो मिश्रधातू आम्ही घेतला होता, त्याच्यासाठी हे "किंचित" म्हणजे नक्की किती, ते कुणी मोजलेलं नव्हतं. ते मोजायचं काम माझं होतं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या सीमेवरच्या गावची, घरात मराठी आणि शाळेत कन्नड, त्यामुळे बंगळूर मला अगदी परकं नव्हतं. बनशंकरी भागात एका विधवा बाईंच्या घरी मागची खोली भाड्याने घेतली होती. तिथून दोन बस बदलून संशोधन संस्थेत यायचे. संस्थेचं आवार मोठं, झाडीचं, थंड. आमची प्रयोगशाळा मात्र तळघरात. दाबयंत्राचं वजन वरच्या मजल्यांना पेलवत नाही म्हणून.

एका प्रयोगाला अख्खा दिवस जायचा. सकाळी आल्यावर आधी शंखजिऱ्याची नळी घ्यायची, तिच्यात ग्राफाइटची बारीक शेगडी, शेगडीच्या मधोमध पोलादाची डबी, आणि डबीत धातूचा तुकडा. तुकड्यापर्यंत केसासारख्या दोन तारा न्यायच्या; त्यांच्यावरून आतलं तापमान कळायचं. मग हे सगळं दाबयंत्रात बसवून हातपंपाने दाब चढवायचा. घाई केली तर शंखजिरं एका बाजूने सरकायचं आणि तारा तुटायच्या. म्हणून दोन तास, थोडं थोडं. माझे खांदे तेव्हा दुखायला लागले ते पुढे कितीतरी वर्षं दुखत राहिले. दाब स्थिर झाला की शेगडी सुरू करायची आणि एका चालीने तापमान वाढवत न्यायचं. कागदाच्या गुंडाळीवर एक पेन रेघ ओढत असायचं. त्या रेघेवरून कळायचं की धातू कुठे जास्त उष्णता खातोय.

आणि हे सगळं सुरळीत चालू असताना दुपारी करंट जायचा. त्या वर्षांत बंगळूरात तो रोजच जायचा, फक्त वेळ सांगून जायचा नाही. शेगडी थंड पडायची, रेघ तिथेच थांबायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंखजिऱ्यापासून सुरुवात. केसांत, भुवयांत ती पांढरी भुकटी घेऊन मी संध्याकाळी घरी पोचायचे. घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, "दिवसभर काय, रांगोळ्या घालता का हो तिकडे?"

माझ्याबरोबर संशोधनाला लागलेली मुलगी तिसऱ्या वर्षी सोडून गेली. इलेक्ट्रॉनिक सिटीत कंप्युटरचं काम मिळालं तिला. तिचं टेबल रिकामं झालं आणि त्याच्यावर मी तुटलेल्या तारा ठेवायला लागले. चौथ्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे धड पूर्ण झालेले अकरा प्रयोग होते. सरांना निदान चाळीस हवे होते.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. म्हैसूरकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आमचं बोलणं इंग्रजीतून व्हायचं, पण मला आता ते सगळं मराठीतच आठवतं. तरुणपणी परदेशात राहून त्यांनी या विषयात चांगलं काम केलं होतं. परत आल्यावर दाबयंत्र उभं करण्यातच त्यांची दहा-बारा वर्षं गेली. त्यांचे सोबती पुढे गेले, हे यंत्राचे बोल्ट घट्ट करत राहिले. त्यांनी मला हे कधी सांगितलं नाही. मला ते अण्णांनी सांगितलं.

अण्णा आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. माझ्या प्रयोगातली पोलादी डबी तेच करायचे. करंगळीच्या पेराएवढी डबी, तिची भिंत पोस्टकार्डाच्या जाडीची, वर आट्यांचं झाकण, आणि तळात तारांसाठी सुईच्या टोकाएवढं भोक. अशी एक डबी करायला त्यांना दोन दिवस लागायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरातच होतं. कुठून आलो म्हणून विचारलं तर म्हणायचे, "महाराष्ट्रातून म्हणतात बा. आम्ही कुणी बघितला नाही." त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड होती, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही ते मला अक्का म्हणायचे. त्या तळघरात माझ्याशी मराठी बोलणारं ते एकटंच माणूस.

"अक्का, स्वल्प बसा. झालंच," असं म्हणून ते स्टुलाकडे बोट दाखवायचे आणि डबी तयार झाली की तळहातावर घेऊन उजेडात धरायचे. मी ती मोजून बघायला लागले की त्यांना राग यायचा. "मोजा, मोजा. तुमचा विश्वास त्या मापावर."

त्यांचा राग रास्त होता. चार वर्षांत त्यांची डबी मापाने चुकली नव्हती. मग चुकायला लागली.

पहिल्यांदा भिंत एका बाजूला पातळ निघाली. प्रयोगात डबी त्या बाजूने फाटली आणि धातू बाहेर आला. दुसऱ्या डबीचं भोक मधोमध नव्हतं. मी ती न सांगता खणात टाकली. तिसरीच्या वेळी मी वर्कशॉपमध्ये उभी असताना पाहिलं, की ते लेथजवळ डोळा नेऊन जवळजवळ बोटाने चाचपून काम करत होते.

"दिसत नाही का अण्णा?"

"दिसतंय की. उजेड कमी आहे."

खिडकीतून सकाळचं ऊन थेट लेथवर पडलं होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे त्यांनी मग हळूच कबूल केलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि आपल्याला दिसत नाही हे कळलं तर लेथवरून काढून भांडारात बसवतील, ही त्यांना भीती. तसं एकाला बसवलं होतं. सरांनी फाटलेली डबी पाहिली आणि म्हणाले, "बाहेरच्या कारखान्यातून करून घेऊ. यांच्याकडून आता होत नाही." मी म्हणाले, "सर, डबीचा दोष नाही, मीच दाब भरभर चढवला." हे खोटं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

त्यानंतर मी अण्णांना नव्या डब्या सांगणंच बंद केलं. नवी डबी नाही, तर वाईट डबी नाही, तर तक्रार नाही. माझ्या खणात जुन्या डब्या होत्या, त्यांच्या हाताला दृष्टीची साथ होती तेव्हाच्या. त्या सहा-सात आम्ही दुसऱ्या वर्षी यंत्राची परीक्षा घ्यायला वापरल्या होत्या. यंत्र दाब आणि तापमान खरं सांगतंय की नाही हे बघायचं, तर ज्याचं वितळणं आधीच नीट माहीत आहे असा धातू आत घालून वितळवायचा. आम्ही बिस्मथ वापरला होता. त्या डब्या किंचित चेपल्या होत्या, पण धड होत्या. मी त्या ॲसिडमध्ये उकळल्या, ब्रशने घासल्या, भिंगाखाली पाहिल्या. स्वच्छ दिसल्या. माझ्या मनाला तेव्हा जराही शंका आली नाही. खरं सांगायचं तर शंका घ्यायला लागणारी ताकद उरली नव्हती. एक डबी हाताशी आहे, दिवस वाया जाणार नाही, एवढंच दिसत होतं.

आणि त्याच महिन्यात तो उंचवटा आला.

तीन हजार वातावरणं, म्हणजे हवेच्या तीन हजारपट दाब होता. पेन नेहमीसारखी सपाट रेघ ओढत चाललं होतं. अडीचशे अंश ओलांडल्यावर ती अचानक वर चढली, एक छोटी टेकडी काढली आणि पुन्हा खाली येऊन सपाट चालू लागली. म्हणजे त्या ठिकाणी आत कशाने तरी जास्तीची उष्णता खाल्ली होती. मी आधी तारा तपासल्या. मग दुसऱ्या दिवशी सहा हजारांवर प्रयोग केला. टेकडी पुन्हा आली, पण दहा-बारा अंश आधी. नऊ हजारांवर आणखी आधी.

सरांना कागद दाखवला तेव्हा ते उभे होते. ते खुर्ची ओढून बसले.

"दाब वाढला की खाली सरकतोय?"

"हो सर."

"आणि साध्या दाबावर?"

साध्या दाबावरचं मोजमाप आम्ही वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या, साध्या यंत्रात केलं होतं. त्याची डबी वेगळी, काचेची. तिथे अशी टेकडी कुठेच नव्हती.

"म्हणजे ही दाबानेच जन्माला येतेय," सर म्हणाले. दाबाखाली धातूंचे बदल साधारणपणे वरच्या तापमानाकडे सरकतात. हा खाली येत होता. आमच्या साध्या, कुणाला रस नसलेल्या मिश्रधातूत अणूंची काहीतरी नवी मांडणी होतेय, अशी ती खूण असू शकत होती. दुसऱ्या दिवशी सर बेकरीतून खाऱ्या बिस्किटांचा पुडा घेऊन तळघरात आले. चार वर्षांत ते प्रथमच काहीतरी खायला घेऊन आले होते. आम्ही तिघांनी, म्हणजे सर, मी आणि वर्कशॉपमधून बोलावलेले अण्णा, उभ्यानेच ती बिस्किटं खाल्ली. सर अण्णांना कन्नडमध्ये म्हणाले, "तुमच्या डब्यांनी काम केलं बरं का." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या महिन्याभरात मी त्यांच्याकडून एकही डबी घेतली नव्हती, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी पुड्यातलं आणखी एक बिस्किट उचललं.

शोधनिबंध लिहिला गेला. सरांनी तो सात वेळा बदलला. परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला आणि दोन किरकोळ प्रश्नांनंतर स्वीकारल्याचं पत्र आलं. सर वर्गाला जाताना शीळ घालायला लागले. मला मात्र फार काही वाटत नव्हतं. मी दमलेली होते, आणि आता हे लवकर संपेल, एवढ्याच गोष्टीचा आनंद होता.

मधल्या काळात अण्णांनी सुट्टी काढून एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. भांडारात कुणी बसवलं नाही. दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची. काळा चष्मा लावून ते कामावर आले, आणि आठवड्याभरात माझ्या टेबलावर एका कापडात गुंडाळलेल्या चार डब्या आणून ठेवल्या.

"मोजा," ते म्हणाले.

मी मोजल्या. चारही तंतोतंत होत्या.

"आता तरी माझ्या डब्या चालतील ना?" त्यांनी हसत विचारलं. मीही हसले. पण त्या प्रश्नात बाकीचंही होतं, ते मला कळलं.

नव्या डबीतला पहिला प्रयोग मी सहा हजार वातावरणांवर केला. रेघ सपाट आली. दोनशे अंश, अडीचशे, तीनशे. कुठे साधी सुरकुतीही नाही. मला वाटलं, तार निसटली असेल. दुसरी नवी डबी घेतली. रेघ सपाट. मग जुन्या डब्यांतली एक काढली, तोच धातू, तोच दाब. टेकडी आली.

त्या संध्याकाळी मी नेहमीच्या बसने घरी गेले नाही. टेबलावर तिन्ही कागद पसरले. तीन हजार, सहा हजार, नऊ हजार; तीन टेकड्यांचे तीन बिंदू आलेखावर आधीच मांडलेले होते. शोधनिबंधातही तेच होते. त्या बिंदूंतून जाणारी रेघ आम्ही नऊ हजारांच्या पुढे, जास्त दाबाकडे वाढवत नेली होती, कारण आमची सगळी उत्सुकता तिकडे होती. शून्याकडे ती कधी वाढवलीच नव्हती. साध्या दाबाला तिथे काही नाही हे आम्हाला "माहीत" होतं. मी पट्टी ठेवली आणि पेन्सिलने रेघ मागे ओढली. ती दोनशे एकाहत्तरच्या आसपास टेकली.

दोनशे एकाहत्तर अंशाला बिस्मथ वितळतो. आणि दाबाखाली उलट, लवकर वितळणारे धातू थोडे असतात, त्यातला तो एक. हे मला पुस्तक न उघडता माहीत होतं. दुसऱ्या वर्षी मी स्वतःच तो वितळवला होता.

मी रडले वगैरे नाही. पेन्सिल खाली ठेवली, कागद गोळा केले आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. डोक्यात एकच विचार होता, की आता हे सगळं पुन्हा करावं लागणार.

खात्री करून घ्यायला डबी उभी कापून बघायला हवी होती, आणि ते काम लेथवरच होणार होतं. सकाळी मी अण्णांकडे गेले.

"ही कापायची? चांगली आहे की."

"आतून बघायची आहे, अण्णा."

त्यांनी डबी पकडीत धरली आणि सावकाश कापली. दोन्ही अर्ध्या भागांवर फुंकर मारून माझ्या हातात दिले. झाकणाच्या आट्यांच्या खोल खाचेत एक चकचकीत, किंचित गुलाबी झाक असलेली रेघ होती. वितळलेला बिस्मथ तिथे शिरून थिजला होता. ॲसिड आणि ब्रश तिथवर पोचलेच नव्हते.

"हे काय?" अण्णांनी विचारलं. त्यांनी भिंग घेतलं आणि नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं. "हा माझा माल नाही. हे आत कुठून आलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. परीक्षेच्या जुन्या डब्या, त्या पुन्हा का वापरल्या, नव्या का मागितल्या नाहीत. बोलताना मला वाटत होतं, निदान त्यांना तरी कळेल की मी हे कशासाठी केलं. ते ऐकत होते. त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले.

"माझे डोळे गेलेत म्हणून?"

"तुम्हाला भांडारात बसवू नये म्हणून."

"सरी, ते ठीक. पण मला विचारलंत का?"

मी हातातले ते दोन अर्धे भाग एकमेकांना जुळवून बघितले.

"'अण्णा, डबी वाईट होतेय' असं मला सांगितलं असतं, तर मी दवाखान्यात चार महिने आधी गेलो असतो. मला कुणी सांगितलंच नाही. डब्या फाटतात हे मला सरांनीही नाही सांगितलं, तुम्हीही नाही. मला वाटलं, काम चांगलं चाललंय, म्हणून नवीन लागत नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं माझ्या हातावर कुणी दया केली नव्हती, अक्का."

ते पुन्हा लेथकडे वळले. मी दोन अर्ध्या डब्या घेऊन तळघरात आले.

सरांना सांगायला मी अकरा दिवस लावले. त्या दिवसांत मी उरलेल्या सगळ्या जुन्या डब्यांत आणि सगळ्या नव्या डब्यांत प्रयोग केले, करंट गेला ते धरून. स्वतःशी म्हणत होते की पुरावा पक्का करतेय. पण पुरावा दुसऱ्याच दिवशी पक्का झाला होता. मी फक्त त्यांच्या खोलीपर्यंतचे दोन जिने चढायचं टाळत होते.

शेवटी गेले तेव्हा ते परीक्षेचे पेपर तपासत होते. मी कापलेली डबी आणि आलेख टेबलावर ठेवला. आलेखावर मागे ओढलेली पेन्सिलची रेघ तशीच होती. त्यांना काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी रेघ जिथे टेकली होती तिथे बोट ठेवलं, आकडा वाचला, आणि बोट तसंच ठेवून बसून राहिले.

"किती दिवस झाले कळून?"

"अकरा."

"मला अकरा दिवस आधी सांगायला हवं होतंस."

"हो सर."

"डब्या जुन्या का वापरल्यास?"

मी सांगितलं. अण्णांचे डोळे, भांडार, आणि दाब भरभर चढवल्याचं खोटं, तेही. ते ऐकताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"मी हे बघायला हवं होतं," ते म्हणाले. "तू विद्यार्थिनी आहेस. रेघ मागे ओढून बघायची हे मला सुचायला हवं होतं. मला बघायचंच नव्हतं बहुतेक."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं, खडू घेतला आणि तासाला निघून गेले.

निबंध छापायला गेला होता, पण अंक निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्राचा मजकूर हाताने लिहून मला टाइप करायला दिला. निबंधातला उंचवटा नमुन्यातला नसून प्रयोगाच्या डबीत राहून गेलेल्या बिस्मथचा आहे, आमच्याकडून चूक झाली, निबंध मागे घ्यावा. सगळीकडे "आम्ही" होतं. मी एका ठिकाणी "आम्ही"च्या जागी माझा उल्लेख टाइप केला. त्यांनी तो कागद फाडला आणि म्हणाले, "मी लिहिलंय तसं टाइप कर." ज्या परिषदांत त्यांनी तो आलेख दाखवला होता, तिथल्या लोकांनाही त्यांनी एकेक पत्र लिहिलं. ती पत्रं त्यांनी मला टाइप करायला दिली नाहीत.

त्यानंतर माझं काम आणखी दीड वर्ष चाललं. अण्णा डब्या करून देत राहिले. मागितल्या की वेळेवर, मापात. पण आता तळहातावर धरून उजेडात दाखवायचे नाहीत. कागदात गुंडाळून टेबलावर ठेवून जायचे. मी एकदा म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं." ते म्हणाले, "असू दे हो अक्का, झालं ते झालं," आणि खरंच त्यांच्या मनात राग नव्हता. पण स्टुलावर बसा असं त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि मीही तिथे न बोलावता बसले नाही. दुपारचा चहा मी एकटी प्यायला लागले. मराठी बोलणं फक्त पत्रांत उरलं.

प्रयोग चाळीसच्या वर गेले. सगळ्या रेघा सपाट. दाब वाढला तसा आमचा धातू पुस्तकात लिहिल्याप्रमाणे थोडा कमी फुगला, तापायला त्याला थोडी कमी उष्णता लागली. नवीन काहीच नव्हतं, फक्त आधी नसलेले आकडे आता होते. प्रबंधाची शेवटची प्रकरणं लिहिताना मला त्यांत रस उरला नव्हता, तरी एकही आकडा मी दोनदा तपासल्याशिवाय लिहिला नाही. अण्णा दरम्यान निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये हार, उपमा, केसरीभात झाला. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. "लवकर संपवा आता," एवढंच म्हणाले. "दमलात तुम्ही."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी माझे आकडे बारकाईने वाचले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या कामात शंकास्पद असं काही सापडलं नाही?" मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग मी उभं राहून ते सगळं सांगितलं, बिस्मथपासून मागे घेतलेल्या निबंधापर्यंत. डब्या जुन्या का वापरल्या तेवढं सोडून. ती गोष्ट अण्णांची होती, मी सांगायची नव्हती. परीक्षकांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हे प्रबंधात एक परिशिष्ट म्हणून घाला. दुसऱ्या कुणाचं वर्ष वाचेल." मी पास झाले.

त्या संध्याकाळी सर माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. असं ते कधी करत नसत. झाडांखालच्या रस्त्यावर आम्ही दोघं चाललो होतो. मला आभार मानायचे होते आणि माफीही मागायची होती, आणि दोन्ही एका वाक्यात कसं बसवायचं ते सुचत नव्हतं.

"पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"एका कॉलेजात जागा आहे, सर. पदार्थविज्ञान शिकवायचं."

"चांगलं आहे. मुलांना शिकव." थोडं चालून ते म्हणाले, "मी आता नवीन विद्यार्थी घेणार नाही. यंत्र दुसऱ्या गटाला द्यायचं ठरलंय."

मी थांबले. "माझ्यामुळे?"

"नाही, नाही," ते लगेच म्हणाले, इतक्या लगेच की मला खरं काय ते कळलं नाही. "दमलो आहे. इतकंच."

माझी बस आली. गर्दी होती, मी दांडीला धरून उभी राहिले. खिडकीतून पाहिलं तर सर अजून फाटकाशीच होते, कुणाशी तरी बोलत. बस वळली. त्यांना विचारायचं राहूनच गेलं की माझ्याऐवजी दुसरं कुणी त्या तळघरात असतं तर त्यांनी यंत्र सोडलं असतं का. पुढे कधीतरी विचारीन असं वाटलं होतं. दर वर्षी मी त्यांना नव्या वर्षाचं पत्र टाकायचे, त्यांचंही दोन ओळींचं उत्तर यायचं, आणि ते पत्रात विचारण्यासारखं नव्हतं.